प्रत्येक मर्ज रिक्वेस्टवर सगळ्या चाचण्या चालवाव्यात की निवडक? निवडीचा निकष काय धरावा?

प्रश्न : हप्तेवारी

नमस्कार. आमचा सहा जणांचा चमू गेली चार वर्षे विमा-हप्त्यांची वसुली आणि त्यांचा हिशेब सांभाळणाऱ्या एका प्रणालीवर काम करतो आहे. प्रणाली जावा आणि स्प्रिंग बूटमध्ये लिहिलेली असून मेव्हन या बिल्ड-साधनात तिची १४ मॉड्यूल्स (स्वतंत्र भाग) आहेत. बिल्ड, म्हणजे कोड बांधून चाचण्या चालवण्याचे काम, गिटलॅबवर चालते. अगदी पहिल्या दिवसापासून प्रत्येक मर्ज रिक्वेस्टवर (बदल मुख्य शाखेत मिसळण्याच्या विनंतीवर) सगळ्या स्वयंचलित चाचण्या चालवायच्या, असा आमचा नियम होता. तेव्हा हे काम सहा-सात मिनिटांत आटोपत असे. आता चाचण्यांची संख्या २,३०० च्या आसपास गेली आहे आणि एका बिल्डला ४७ मिनिटे लागतात.

या ४७ मिनिटांचे दुष्परिणाम केवळ वाट पाहण्यापुरते राहिलेले नाहीत. बिल्ड इतके लांबते म्हणून मंडळी दोन-तीन असंबद्ध बदल एकाच मर्ज रिक्वेस्टमध्ये कोंबतात, त्यामुळे तपासणाऱ्याला काय वाचावे ते कळत नाही, आणि बिल्ड लाल झालेच, म्हणजे एखादी चाचणी पडलीच, तर नेमक्या कोणत्या बदलाने झाले हे शोधण्यात आणखी वेळ जातो.

यावर उपाय म्हणून, ज्या चाचणीला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो तिला ‘संथ’ असा टॅग लावून ती रात्रीच्या बिल्डमध्ये ढकलावी, असे ठरले. तीन आठवडे तसे करून पाहिले. बिल्ड १२ मिनिटांवर आले आणि सगळे खूश झाले. मात्र दुसऱ्याच आठवड्यात एक प्रकार घडला. एका सहकाऱ्याने पुढील हप्त्याची तारीख मूळ तारखेवरून न मोजता मागील हप्त्याच्या तारखेवरून मोजण्याचा बदल केला. वरवर पाहता त्यात गैर काही दिसत नाही. पण ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की जावा २८ फेब्रुवारी देते, आणि त्या २८ फेब्रुवारीत आणखी एक महिना मिळवला की २८ मार्च येते. महिनाअखेरीचा हप्ता कायमचा २८ तारखेला येऊन बसला. हे पकडणारी चाचणी आमच्याकडे होती, परंतु ती स्प्रिंगचा संपूर्ण कॉन्टेक्स्ट (प्रणालीच्या सर्व घटकांची जुळणी) उभा करत असल्यामुळे ‘संथ’ ठरली होती. रात्री बिल्ड लाल झाले तोवर मुख्य शाखेत नऊ मर्ज झाले होते, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ दोषी मर्ज शोधण्यात गेली.

म्हणून जाणकारांना विचारतो : कोणती चाचणी कोणत्या बिल्डमध्ये चालवावी हे कशावरून ठरवावे? हे टॅग हाताने लावण्याचे काम आहे, की बदललेल्या फायलींवरून यंत्रालाच निवड करू द्यावी? आणि केलेली निवड भरवशाची आहे हे कसे पडताळावे?

उत्तर : जुना हमाल

आपण निवडीसाठी लावलेला निकष, म्हणजे चाचणीला लागणारा वेळ, हाच मुळात अपुरा आहे. घड्याळ पाहून चाचणीची किंमत कळते, तिचा उपयोग कळत नाही. प्रत्येक चाचणीबाबत मी दोन प्रश्न विचारतो. एक, ही चाचणी खऱ्या दोषामुळे गेल्या वर्षभरात किती वेळा लाल झाली? दोन, हिने सांगितलेली बातमी उद्या सकाळी कळली तर आजच्या तुलनेत किती नुकसान होईल? पैशांचा किंवा तारखांचा हिशेब तपासणारी चाचणी, तिला वीस सेकंद लागत असले तरी, मर्ज होण्याआधीच चालली पाहिजे. उलट जुन्या अहवालाच्या पीडीएफमधील समासांची चाचणी दोन सेकंदांची असली तरी रात्रीपर्यंत थांबू शकते.

मर्जपूर्व टप्प्याला वेळेची मर्यादा मात्र असावी. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या मंडळींनी, विशेषतः केंट बेक यांनी, दहा मिनिटांच्या बिल्डचा आग्रह धरला होता आणि तो आकडा अजूनही व्यवहारात टिकून आहे. कारण दहा मिनिटे माणूस त्याच कामाच्या विचारात राहतो, त्यापुढे तो दुसरे काम हाती घेतो. आधी मर्यादा ठरवावी आणि त्या मर्यादेत सर्वांत उपयोगी चाचण्या बसवाव्यात. आपण उलट्या बाजूने आलात, म्हणजे सगळ्यांत जड सामान आधी बाहेर काढले. त्या सामानात दागिन्यांचा डबा होता.

टॅगांविषयी एक इशारा देतो, कारण यात मी स्वतः पोळलो आहे. टॅग लावून निवडण्याच्या दोन पद्धती असतात : अमुक टॅग असलेल्याच चाचण्या चालवा, किंवा अमुक टॅग असलेल्या सोडून बाकी सगळ्या चालवा. मेव्हनच्या, चाचण्या चालवणाऱ्या शुअरफायर प्लगिनमध्ये दोन्हींची सोय आहे. मी पहिली पद्धत स्वीकारली आणि ‘महत्त्वाची’ या अर्थाचा टॅग ठेवला. पुढे कुणीतरी सेटिंगमध्ये त्या टॅगचे एक अक्षर चुकवले. त्या नावाची एकही चाचणी अस्तित्वात नव्हती, म्हणून शून्य चाचण्या चालल्या आणि बिल्ड हिरवे झाले. एकही चाचणी न चालल्यास बिल्ड पाडण्याची सूचना शुअरफायरला वेगळी द्यावी लागते. ती आपसूक लागू नसते. पायथनचे पायटेस्ट या बाबतीत अधिक कडक आहे : एकही चाचणी हाती लागली नाही तर ते ५ हा निर्गम-क्रमांक देऊन बिल्ड पाडते, आणि नोंद न केलेला टॅग वापरल्यास चूक दाखवण्याची सोयही त्यात आहे. आमच्या बाबतीत ही गोष्ट उघड झाली ती आठ दिवसांनी, तीही एकाने सहज लॉग उघडून पाहिला म्हणून.

तेव्हापासून मी वगळण्याचीच पद्धत वापरतो. कोणताही टॅग नसलेली नवी चाचणी आपोआप पहिल्या टप्प्यात येते, आणि तिला मागे ढकलायचे असेल तर कुणीतरी जाणीवपूर्वक टॅग लावावा लागतो, जो तपासणाऱ्याच्या नजरेस पडतो. जेयुनिट ५ या जावाच्या चाचणी-साधनामध्ये टॅग थेट अक्षरांत न लिहिता त्यासाठी स्वतःचे अ‍ॅनोटेशन तयार करता येते; मग अक्षर चुकले तर कंपायलरच अडवतो.

एकत्रित (इंटिग्रेशन) चाचण्यांसाठी मेव्हनचे फेलसेफ प्लगिन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. फेलसेफ चाचण्या एका टप्प्यात चालवते आणि निकाल पुढच्या, म्हणजे व्हेरिफाय टप्प्यात तपासते. पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्यांच्या साखळीत) आज्ञा इंटिग्रेशन-टेस्ट टप्प्यापाशीच थांबवलेली असेल, तर चाचण्या पडूनही बिल्ड हिरवे राहते.

उत्तर : अवलंबित

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु १४ मॉड्यूल्स आणि २,३०० चाचण्या असताना उपयोगाची क्रमवारी हाताने लावणे फार काळ निभणार नाही. टॅग लावणारा माणूस नोकरी सोडून जातो आणि टॅग मागे राहतात. बदलावरून निवड करण्याचा मार्ग अधिक टिकाऊ आहे, आणि मेव्हनमध्ये त्याची पहिली पायरी विनासायास मिळते.

मर्ज रिक्वेस्टमध्ये बदललेल्या फायली कोणत्या मॉड्यूलमध्ये येतात ते गिटकडून काढावे आणि तेवढी मॉड्यूल्स मेव्हनला ‘पीएल’ पर्यायाने द्यावीत. त्यासोबत दोन पर्याय येतात, ज्यांची गल्लत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ‘एएम’ हा पर्याय बदललेले मॉड्यूल ज्यांच्यावर उभे आहे ती मॉड्यूल्स बांधतो. ‘एएमडी’ हा पर्याय त्या मॉड्यूलवर जी उभी आहेत ती बांधतो. आपल्याला तपासायची असतात ती दुसऱ्या प्रकारची, कारण तारखेचा हिशेब बदलला तर बिघडणार आहे तो त्याचा वापर करणारा वसुलीचा भाग. नुसता ‘एएम’ लावला तर बिल्ड चालते, चाचण्या चालतात, सगळे हिरवे दिसते आणि तपासणी मात्र चुकीच्या दिशेची झालेली असते. नुसता ‘एएमडी’ लावला तर खालची मॉड्यूल्स रिपॉझिटरीतून उचलली जातात आणि ती शिळी असू शकतात. म्हणून आम्ही दोन्ही लावतो आणि थोड्या जास्त चाचण्या चालल्या तरी चालवून घेतो.

याहून बारीक निवडही करता येते. इक्स्टाझी हे संशोधनातून आलेले साधन प्रत्येक चाचणीवर्ग चालताना कोणत्या फायलींना स्पर्श करतो याची नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी बदललेल्या फायलींशी संबंध असलेले वर्गच चालवते. त्याच्या २०१५ च्या शोधनिबंधात ३२ प्रकल्पांवर सरासरी ३२ टक्के वेळ वाचल्याचे दिले आहे, आणि त्यात निवड करण्याचा वेळही धरलेला आहे. फेसबुकने २०१८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जुन्या निकालांवर शिकवलेले मॉडेल चाचण्या निवडते; त्यांच्या सांगण्यानुसार चाचण्यांचा यंत्रखर्च निम्म्यावर आला आणि तरीही ९९.९ टक्क्यांहून अधिक सदोष बदल पकडले गेले. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. त्यांच्याकडे शिकवायला जितके जुने निकाल आहेत, तितके सहा जणांच्या चमूकडे कधीच जमणार नाहीत. आपल्याला मॉड्यूलच्या पातळीवरची निवड पुष्कळ झाली.

यंत्राला दिसत नाहीत असे संबंध मात्र हाताने लिहून ठेवावे लागतात. डेटाबेसच्या मायग्रेशन फायली (रचनेतील बदल लिहिलेल्या), प्रॉपर्टीज फायली (सेटिंगच्या), मुख्य पॉम (मेव्हनची मांडणी-फाइल) आणि डॉकरफाइल यांपैकी काहीही बदलले तर निवड बाजूला ठेवून सगळ्या चाचण्या चालवा, असा सरळ नियम आमच्याकडे आहे.

गिटलॅबवर असाल तर ‘रूल्स-चेंजेस’, म्हणजे ठरावीक फायली बदलल्या तरच काम चालवण्याची अट, हिच्याविषयी सांगणे भाग आहे. मर्ज रिक्वेस्टच्या पाइपलाइनमध्ये तुलना लक्ष्यशाखेशी होते, जे आपल्याला हवे असते. साध्या शाखेच्या पाइपलाइनमध्ये मात्र तुलना मागील पुशशी (आधी पाठवलेल्या कोडशी) होते. म्हणजे सकाळी वसुलीचा कोड पुश केला, चाचणी पडली, आणि दुपारी फक्त रीडमी सुधारून पुन्हा पुश केला, तर दुसऱ्या पाइपलाइनच्या दृष्टीने बदल फक्त रीडमीचा असतो. चाचण्या वगळल्या जातात आणि शाखा हिरवी होते. ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या पाइपलाइनमध्ये ही अट नेहमीच खरी धरली जाते. रात्रीच्या बिल्डसाठी ते सोयीचे आहे, पण ते ठाऊक असावे.

भरवशाच्या प्रश्नाचे उत्तर : महिनाभर दोन्ही करा. सगळ्या चाचण्या नेहमीप्रमाणे चालू द्या, निवडीची यादी फक्त बाजूला लिहून ठेवा, आणि जी चाचणी खऱ्या दोषामुळे पडली ती त्या यादीत होती का, एवढेच मोजा. जी सुटली तिचे कारण शोधा. आमच्याकडे चार सुटल्या होत्या, पैकी तीन मायग्रेशन फायलींमुळे.

उत्तर : साधा हिशेब

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी मूळ शंका कुणी विचारली नाही. २,३०० चाचण्यांना ४७ मिनिटे का लागतात? हा हिशेब मला पटत नाही. निवड करण्याआधी वेळ कुठे जातो ते पाहावे.

स्प्रिंगमध्ये याचे उत्तर बहुधा एकाच जागी सापडते. चाचणीसाठी उभा केलेला कॉन्टेक्स्ट स्प्रिंग राखून ठेवते आणि तशीच मांडणी असलेल्या पुढच्या वर्गाला तोच देते. पण मांडणीत तसूभर फरक पडला, म्हणजे एका वर्गात एक मॉकबीन (खऱ्या घटकाऐवजी ठेवलेला नकली घटक) जास्त असले किंवा एखादी प्रॉपर्टी वेगळी दिली, की नवा कॉन्टेक्स्ट उभा राहतो. डर्टीज-कॉन्टेक्स्ट हे अ‍ॅनोटेशन तर आधीचा चक्क फेकून देते, आणि ते बहुतेक वेळा कुणीतरी कधीकाळी एक चाचणी पडत होती म्हणून लावलेले असते. शिवाय हा साठा एका जावा प्रक्रियेपुरताच असतो. शुअरफायरला प्रत्येक वर्गासाठी नवी प्रक्रिया सुरू करायला सांगितले असेल तर साठ्याचा काहीच उपयोग होत नाही. स्प्रिंगच्या टेस्ट कॉन्टेक्स्ट कॅशचा लॉग डीबग पातळीवर लावला की किती कॉन्टेक्स्ट उभे राहिले आणि किती वेळा जुना कामी आला, याचे आकडे समोर येतात. दहा मिनिटांचे काम आहे. आधी ते करावे.

दुसरे, तारखेचा हिशेब तपासायला स्प्रिंग कशाला लागते? तो हिशेब एका साध्या वर्गात काढला तर ती चाचणी काही मिलिसेकंदांत होईल आणि ती कोणत्या टप्प्यात ठेवायची हा प्रश्नच उरणार नाही.

उत्तर : रात्रपाळी

मी एकाच मुद्द्यापुरते लिहितो, कारण प्रश्नात त्याचा उल्लेख नाही आणि तो असणारच याची मला खात्री आहे. आपल्या २,३०० चाचण्यांपैकी काही लहरी असतील, म्हणजे कोडमध्ये काहीही न बदलता कधी पास तर कधी नापास होणाऱ्या. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते : त्यांच्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांमध्ये काही ना काही लहरीपणा होता, आणि हिरव्यावरून लाल होण्याचे जे प्रसंग त्यांनी पाहिले त्यांपैकी सुमारे ८४ टक्के प्रसंगांत लहरी चाचणीचा हात होता.

निवडीशी याचा थेट संबंध आहे. मर्जपूर्व टप्प्यात एक जरी लहरी चाचणी राहिली तरी आठवड्याभरात सगळ्यांना ‘पुन्हा चालवा’ हे बटण दाबण्याची सवय लागते, आणि मग खरा दोषही त्याच बटणाखाली दडपला जातो. पडलेली चाचणी पुन्हा चालवण्याची सोय शुअरफायरमध्येच आहे. दुसऱ्या वेळी पास झाल्यास ती अहवालात लहरी म्हणून नोंदवली जाते. ही नोंद दर सोमवारी वाचावी. जी चाचणी दोनदा दिसली तिला पहिल्या टप्प्यातून काढून वेगळ्या टॅगखाली ठेवावे आणि सोबत जबाबदार व्यक्ती व मुदत लिहावी. मुदत संपली की चाचणी दुरुस्त तरी झालेली असावी नाहीतर पुसलेली. बिनमुदतीचे विलगीकरण म्हणजे अडगळीची खोली.

हप्तेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण सांगण्याजोगे काही हाती आले आहे.

सुरुवात ‘साधा हिशेब’ यांच्या सूचनेपासून केली. लॉग लावला तेव्हा एका बिल्डमध्ये तब्बल ४१ कॉन्टेक्स्ट उभे राहत असल्याचे दिसले. स्प्रिंगचा हा साठा मुळात ३२ कॉन्टेक्स्टपुरता असतो, त्यामुळे नव्यासाठी जुने बाहेर जात होते आणि तेच पुन्हा उभे राहत होते. सगळी मॉकबीन्स तीन पायाभूत वर्गांमध्ये एकत्र केली आणि डर्टीज-कॉन्टेक्स्ट १७ ठिकाणांहून काढले. त्या १७ पैकी दोनच ठिकाणी ते खरोखर आवश्यक होते. कोणतीही निवड न करता बिल्ड ४७ वरून २२ मिनिटांवर आले. हे आम्ही दोन वर्षांपूर्वीच करायला हवे होते, हे कबूल करतो.

हप्त्याच्या तारखेचा हिशेब वेगळ्या वर्गात काढला. त्याच्या ४० चाचण्या आता एका सेकंदाच्या आत संपतात, आणि ३१ जानेवारीची चाचणी त्यात सर्वांत वर आहे. टॅग आता फक्त वगळण्यासाठी उरले असून त्यासाठी स्वतःचे अ‍ॅनोटेशन केले आहे. मर्ज झाल्यावर मुख्य शाखेवर सगळ्या चाचण्या दर दोन तासांनी चालतात, त्यामुळे काही सुटलेच तरी दोन-तीन मर्जांपलीकडे शोधावे लागत नाही.

मॉड्यूलनुसार निवड मात्र अपेक्षेइतकी फळली नाही. आमच्या १४ पैकी १३ मॉड्यूल्स ‘सामाईक’ नावाच्या एका मॉड्यूलवर अवलंबून आहेत. त्यात काहीही बदलले की निवडीत सगळेच येते, आणि दहापैकी चार मर्ज रिक्वेस्ट त्याला हात लावतात. यावर काही सुचवता येईल का?

अवलंबित

मॉड्यूलचे तुकडे करण्याची घाई करू नये. गेल्या तीन महिन्यांचा गिट लॉग काढून ‘सामाईक’मधील कोणत्या फायली किती वेळा बदलल्या ते मोजा. असे मॉड्यूल सहसा समप्रमाणात बदलत नाही. दोन-तीन फायलीच सारख्या हलत असतात आणि बाकीच्या वर्षानुवर्षे जागच्या जागी असतात. सारख्या बदलणाऱ्या फायली वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेल्या तरी सर्वांनाच त्या लागत असतील तर काहीच साधणार नाही, म्हणून त्या खरोखर सर्वांना लागतात का, हे आधी पाहावे.

हप्तेवारी

मोजले. ‘सामाईक’मधील ११८ बदलांपैकी ७१ एकाच फायलीत आहेत, आणि ती त्रुटी-संदेशांची यादी आहे. प्रत्येक मॉड्यूल आपापले संदेश तिच्यात भरते आणि दुसऱ्याचे कधीच वाचत नाही. हे संदेश सोमवारपासून ज्याच्या त्याच्या मॉड्यूलमध्ये हलवायला घेतो.